माझ्या मानेवरची जट

माझ्या केसांना नुसतं कुरळे म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. एकेक केस करंगळीभोवती गुंडाळून काढलेल्या दोऱ्यासारखा. भिजले की पाठीवर यायचे, वाळले की कानाशी जाऊन बसायचे. आई रोज माझं डोकं गुडघ्यांत धरून, खोबरेल थापून ते चापूनचोपून बसवायची. शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत ते पुन्हा उभे. मला त्याचं काहीच वाटत नसे, तिलाच लाज वाटायची.

दहाव्या वर्षी मला विषमज्वर झाला. महिनाभर उशीवर डोकं घासत पडून होते. वेणीफणी करायचं कुणाला सुचणार? ताप उतरला तेव्हा मानेवर केसांचा मुठीएवढा घट्ट गोळा झाला होता. चाळीतल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने तो चाचपला, त्याला हळदकुंकू लावलं आणि आईला सांगितलं, "जट आलीया. देवीनं हात ठेवलाय पोरीवर. आता फणी लावायची न्हाय, आन् लगीन बी न्हाय."

सोलापुरात आमच्या लोकांत तेव्हा असंच मानत. जट आली की मुलगी देवीची. तिला डोंगरावर नेऊन देवीला सोडायचं, मग तिने जन्मभर परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. माझा ताप उतरावा म्हणून आईने देवीला साकडं घातलं होतं आणि ताप उतरला होता. देवी आपलं मागून घेतेय, असंच तिला वाटलं. वडिलांनी अडवलं नाही. येत्या पौर्णिमेला मला न्यायचं ठरलं, शाळा बंद झाली. मी भिंतीकडे तोंड करून रडत असे, पण मला कुणी काही विचारलं नाही.

मग आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. हे केस मला तिच्याकडूनच आलेले. तिने मिलमध्ये सूत चाचपावं तसा तो गोळा दोन बोटांनी चाचपला.

"जट कसली? गुतलेत नुसते."

"वन्सं, देवी कोपली तर?" आई म्हणाली.

"माज्या डोक्यावर येऊ दे. तितं बी असंच रान माजलंय की." मग ती माझ्याकडे वळली. "तुला काय पायजे? देवीची व्हायचं म्हनलीस तर मी हात लावनार न्हाय."

"मला शाळंत जायचंय," मी म्हणाले.

तिने जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी गाळून घेतलं, त्यात खोबरेल मिसळलं आणि गोळा भिजवला. फणीला हात लावला नाही. मुळाशी ओढलं की सूत तुटतं, गुंता टोकाकडून सोडवायचा, हे तिला मिलने शिकवलं होतं. तीन दिवस कामावरून आली की ती माझ्यामागे बसायची आणि बोटांनी एकेक केस मोकळा करायची. आई चुलीपाशी पाठ फिरवून बसे.

तिसऱ्या संध्याकाळी गोळा सुटला. आतून निघाला उशीतल्या सरकीच्या कापसाचा पुंजका, कुंकवाने लाल झालेला. आत्याने तो आईच्या हातावर ठेवला. आईने तो बोटांनी उसवून पाहिला.

"येनी कशी घालू?" आत्याने मला विचारलं. चापून नको, मी म्हणाले. तिने चार भांग पाडून चार सैल वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेण्या घालून मी शाळेत गेले. मुली हसल्या, मीही हसले. तेव्हापासून ते आजतागायत माझ्या केसांचं मीच ठरवते. जवसाचं पाणी, बोटं, आणि फणी लागलीच तर ओल्या केसांवर, टोकापासून. सुनांनाही तसंच करायला लावलं, त्यांचे केस सरळ असूनसुद्धा.

लग्न होईपर्यंत दर शुक्रवारी न्हाऊ घालताना आई माझ्या मानेवर बोटं फिरवून बघायची. हाताला काही लागलं नाही की ती तशीच ओल्या हातांनी माझं डोकं पोटाशी धरायची. तिने मला देऊन टाकायचं ठरवलं होतं, हे मी विसरले नव्हते, आणि तीही विसरली नव्हती.