लेह ते दिल्ली, सव्वा तास

माझा थोरला भाऊ सैन्यात होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याची बदली लेहला झाली, तेव्हा एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबांनी माझा शाळेतला नकाशा काढला आणि दोरा लावून अंतर मोजलं. दिल्लीहून सरळ रेषेत सहाशेच्या आसपास किलोमीटर. विमानाला जेमतेम सव्वा तास लागतो, असं दादानं पत्रात लिहिलं होतं. बाबा वीज केंद्रात फोरमन, आकड्यांवर त्यांचा भारी विश्वास. आईला म्हणाले, "आपल्याला मुंबईला जायला याच्या तिप्पट वेळ लागतो. कुठे लांब गेलाय तो?"

त्याच हिवाळ्यात आईची मूत्रपिंडं निकामी झाली. नाशिकरोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना बाहेर घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. तार गेली. रजाही लगेच मिळाली. पण बर्फानं लेहचा रस्ता केव्हाच बंद झालेला. उरलं विमान, आणि ते फक्त सकाळी यायचं, तेही आभाळ मोकळं असलं तर.

दादा दुपारी शेजारच्या काकूंकडे फोन करायचा. "आजही नाही गं. वर आवाज येत होता, दोन घिरट्या घातल्या आणि परत गेलं. आई कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणायचे.

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले, तर आईचे पाय आणखी सुजलेले, डोळे मात्र दाराकडे. तिनं विचारलं, "निघाला का?" मला नाही म्हणवलं नाही.

"निघाला. दिल्लीत उतरलासुद्धा. आता गाडीत बसेल."

आईनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे उद्या दिवेलागणीपर्यंत येतो."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून केस विंचरून घेतले. झोपेचं औषध घ्यायला नको म्हणाली. बाबांना मी खरं सांगितलं होतं, ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. संध्याकाळ झाली, वॉर्डात दिवे लागले, भेटायला आलेली माणसं डबे घेऊन परत गेली. आठच्या सुमारास आई माझ्याकडे बघत राहिली.  मग भिंतीकडे वळली. पहाटे ती गेली.

दादा तिसऱ्या दिवशी आला. सैन्याचा जाड कोट अंगात, ओठ थंडीनं फुटलेले. तोवर अस्थी नदीत सोडून झाल्या होत्या. तो बाबांच्या शेजारी बसला.

पुढे काही वर्षांनी तो निवृत्त होऊन इंदिरानगरला राहायला आला. एकदा त्याच्याकडे दोघंच जेवत होतो, तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल, नाहीतर समजूत घालेल.

त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे ती त्या दिवशी माझी वाट बघत होती," तो म्हणाला. "मला इतकी वर्षं वाटायचं, तिला शुद्ध नसेल."

ताट तसंच ठेवून तो उठला. मोरीत नळ बराच वेळ चालू होता. मी बसून राहिले. बोलायला नको होतं, हे मला तेव्हा कळलं.