राजुरीच्या मामांचा पहिला नंबर

प्रामाणिक माणसं जुन्नर तालुक्यात काही कमी नाहीत. पण स्वतःच्या प्रामाणिकपणाने दुसऱ्याला घाम फोडणारा माणूस आमच्या राजुरीच्या मामांसारखा दुसरा नसेल. लेण्याद्रीच्या पायऱ्या कुठेही न थांबता चढायच्या, अशी एकदा त्यांची व्याह्यांशी पैज लागली. निम्म्यावर एका माकडाने मामांची टोपी पळवली. टोपी परत मिळाली, पण तेवढ्यात पाय थांबले! मामा मुकाट्याने खाली उतरले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढू लागले. वर गिरिजात्मजाच्या दारात व्याही नारळ धरून ताटकळत बसलेले. "यायचं की राव तसंच, मी कुठं बघत व्हतो?" ते कळवळून म्हणाले. मामा धापा टाकत म्हणाले, "तुमी न्हवता, पन मी व्हतो ना तिथं!"

अशा माणसाला देवाने छंदही नेमका जुळवून दिला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मामांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, मागच्या खोलीत यंत्र मांडलं आणि पाण्याच्या टाकीपासून जांभळाच्या झाडापर्यंत तार ताणली. खोलीत बसून हा माणूस जपान-रशियाशी बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, हे गावाला अजून उमगलेलं नाही. उसात बिबट्या दिसला की निम्मी राजुरी वनखात्याआधी मामांच्या दारात येते, कारण "तुमचं डायरेक वर कनेक्शन हाये." मामा कपाळाला हात लावतात, सगळ्यांना चहा पाजतात आणि शेवटी आपल्याच मोबाइलवरून वनखात्याला फोन लावतात.

या हौशी मंडळींच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या वेळात जगभर हाका मारायच्या, कुणी ओ दिली की एकमेकांचा आवाज कसा येतो ते सांगायचं, नोंद करायची आणि पुढच्याला गाठायचं. जितके लांबचे आणि नवे देश, तितके गुण जास्त. पंच म्हणून शेजारी कुणी बसत नाही. यंत्राची ताकद किती ठेवली, कुणाची मदत घेतली का, हे ज्याचं त्याने खरं सांगायचं. मामांचा गट एकट्याने खेळायचा आणि सर्वांत कमी ताकदीचा. मोटारसायकलचा इंडिकेटर जेमतेम पेटेल एवढ्या विजेवर त्यांचा आवाज सातासमुद्रापार जायला निघतो. "वाढवा की बटन, रशियातनं कोन बगाया येतंय?" असं शेजारच्या भाऊंनी सुचवलं, तर मामांनी त्यांना खोलीत यायचीच बंदी केली. त्यातून या स्पर्धेत रीत अशी, की आवाज कसाही असो, 'उत्तम' म्हणून मोकळं व्हायचं. सगळं जग तसंच करतं. मामा मात्र खरं सांगतात! इटलीतल्या एका गृहस्थाला त्यांनी "तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय" असं इंग्रजीत सांगितलं, तर तो बिचारा स्पर्धा सोडून स्वतःचं यंत्र उघडून बसला. इतकं करून मामांचा देशात दरवर्षी दुसरा नंबर. पहिला कधीच नाही.

मग कान दगा देऊ लागले. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज हळूहळू जाणार. आणि कानांवर हेडफोन दाबून बसणं तर आजपासून बंद. "एकदा पयला नंबर येऊ दे, मंग गेलं कान तरी चालंल," मामा हसत म्हणाले. मामी तडक उठून आत गेल्या.

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेला मी मुद्दाम राजुरीला गेलो होतो. हेडफोनला बंदी, त्यामुळे स्पीकरवर नुसती खरखर चाललेली. मामी उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. मामा भलतेच रंगात आले होते; त्या खेपेला पहिला नंबर हाताशी आला होता. दुपारी ते यंत्राची चकती फिरवत पुढे सरकले, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अवं, मागं कुनीतरी हाका मारतंय की!"

मामांनी चकती मागे घेतली, कान स्पीकरला लावला. खरंच, पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावरून एक बारीक आवाज मामांनाच बोलावत होता. असा देश म्हणजे घबाडच! पण मामांचा चेहरा पडला.

"अगं, कशाला बोललीस? मला आयकू आला न्हवता त्यो. आता त्यो माझा न्हाई."

"आता गं बया! दारात मानूस हाका मारतोय अन् ओ बी द्यायची न्हाई? ही कुठली रीत तुमची?"

मामा गडबडले. मामींचंही खरंच होतं. त्यांनी ओ दिली, आवाज कसा येतोय ते सांगितलं. तिकडचा माणूस आनंदाने ओरडलाच. त्याला त्याचे गुण मिळाले. मामांनी मात्र आपल्या नोंदीपुढे खूण केली, 'हा धरू नये'. मी न राहवून म्हणालो, "मामा, मामी एवढंसं तर बोलल्या!"

"पन त्यो आवाज आयकला कुनी?" मामांनी विचारलं.

निकाल लागला. पुन्हा दुसरा नंबर, आणि तोही त्या एका बेटाच्या गुणांनी हुकलेला. मला मामांचा असा राग आला होता की विचारू नका. मामी तर दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "माज्यामुळं गेला ह्यांचा नंबर," एवढंच म्हणत राहिल्या. मामांनी पहिल्या आलेल्याला रेडिओवरूनच गाठून मनापासून अभिनंदन केलं, आणि त्याचा आवाज जरा फाटतोय हेही सांगितलं.

यंदा मामांनी एकाहून जास्त जणांच्या गटात स्वतःचं आणि मामींचं नाव घातलंय. मामी घाबरल्या, "मला विंग्रजी कुठं येतंय?" मामा म्हणाले, "बोलायचं मी बगतो. तू निस्तं आयक." त्या गटात उंच उंच मनोरे उभारलेले मोठे क्लब उतरतात, आमच्या या जोडप्याचा नंबर शेवटून शोधावा लागणार. परवा जेवताना मी थट्टेने म्हटलं, "मामा, उभ्या संसारात मामींच्या कानांनी ऐकायला तुम्हाला शेवटी स्पर्धाच लागली!"

सगळे हसले. मामा आमच्या तोंडांकडे बघत नुसते बसून राहिले. मामी त्यांच्याकडे सरकल्या, कानाशी तोंड नेऊन माझं वाक्य त्यांनी शब्दन् शब्द पुन्हा सांगितलं, आणि मग मामा ठसका लागेपर्यंत हसले.