वाचल्याची पोच

सूड घेणं आपल्या स्वभावातच नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. ते खोटं होतं. तशी वेळ आली नव्हती, एवढंच.

मी मूळची परभणीची. बावधनला एका छोट्या कंपनीत ऑफिसचं काम बघते आणि सूसला एका मावशींच्या घरात खोली घेऊन राहते. आमची कंपनी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची देखभाल करते. पंप बिघडला की सोसायटीनं एका ठरलेल्या पत्त्यावर मेल करायची. त्या मेलचा पासवर्ड तेव्हा दोघांकडेच होता, माझ्याकडे आणि माझ्या वरचे अधिकारी असलेल्या सरांकडे. मी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बघायची, सर फोनवर. पद्धत साधी होती. मेल ठळक अक्षरांत दिसली म्हणजे ती कुणी उघडलेली नाही. जो उघडेल त्यानं ती मार्गी लावायची. अक्षरं बारीक झाली की दुसऱ्यानं तिच्यात लक्ष घालायचं नाही. दोन वर्षं हे सुरळीत चाललं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

त्या शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. मावशींना पिरंगुटला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. एक वाजता हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून निघाले. कॉम्प्युटर चालूच ठेवला, कारण एकदा बंद केला की तो सुरू व्हायला जीव खातो. दुपारनंतर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, अख्ख्या गल्लीची लाइट गेली आणि तो धाडकन बंद पडला. त्याचा यूपीएस कधीच मेला होता. नवीन द्या म्हणून मी सरांना तीनदा लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लावला. महाळुंग्याच्या एका मोठ्या सोसायटीची शुक्रवारची मेल यादीत होती, बारीक अक्षरांत. म्हणजे सरांनी बघितली, असं धरून मी पुढच्या कामाला लागले. अकरा वाजता मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. त्या सोसायटीचा पंप शुक्रवारी दुपारीच बंद पडला होता. शनिवार-रविवार चार इमारतींनी टँकरवर काढले होते, आणि सकाळी त्यांनी आमचं काम काढून घेतलं होतं.

सरांनी आपला फोन साहेबांपुढे धरला. "हे बघा साहेब, माझ्याकडे ही अजून अनरीड आहे. मी उघडलेलीच नाही. आता मॅडमच्या मशीनवर बघा. तिथं रीड दिसते. मॅडमनी वाचली आणि दाबून ठेवली."

साहेब माझ्या टेबलापर्यंत चालत आले आणि वाकून बघितलं. खरंच होतं. तीच मेल, तिकडे ठळक, इकडे बारीक, आणि दोन्हीकडून दोषी मीच. शुक्रवारी मी एक वाजताच निघाले होते, मी ती उघडली नाही म्हणाले, तर साहेबांनी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करणार होतो," ते म्हणाले. "आता थांबू."

तीन वर्षं मी त्या एका कागदाची वाट बघत होते. दर अकरा महिन्यांनी नवीन करार. संध्याकाळी मेमो हातात आला. मी त्यावर संतापानं सही केली. सर शेजारी उभे होते. "आणि तो घोळ आधी दुरुस्त करून घ्या," ते हळूच म्हणाले. "दोन्हीकडे सारखं दिसायला हवं."

आमचे कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला मी फोन लावला. तो म्हणाला, "फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, रिपेअर दाबा. तुमच्या मशीनची स्वतःची एक यादी असते, ती लाइट गेल्यामुळे बिघडलीय. रिपेअर केलं की जुनी यादी पुसली जाईल आणि सर्व्हरवर जे असेल तेच दिसेल."

"म्हणजे ती मेल इथंही ठळक होईल?"

"सर्व्हरवर ठळक असेल तर होणारच."

"मग ती इथं बारीक झालीच कशी? मी तर उघडली नाही."

"दुसरीकडे कुणीतरी उघडली असणार. ते तुमच्या मशीननं टिपून ठेवलं. नंतर त्यानं ती परत अनरीड केली. तोवर तुमचं मशीन बंद पडलं होतं. मग त्याला कसं कळणार?"

मी माऊसवरचा हात काढून घेतला. बिघडलेला तो कॉम्प्युटर अख्ख्या ऑफिसात एकटाच खरं बोलत होता, आणि सरांना तो दुरुस्त करून हवा होता. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. पुढे सर रोज विचारायचे, "झालं का?" मी सांगायची, "चालू आहे सर." इतक्या गोड आवाजात मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

पण फोटोनं काय होणार? कुणी उघडली ते त्यात थोडंच दिसत होतं! त्याच रात्री मावशींच्या डोळ्यांत थेंब घालताना मी सगळं सांगितलं. मावशींची निम्मी जमीन आता इमारतींखाली आहे. उरलेल्या जमिनीचे आणि गेलेल्या जमिनीचे कागद त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. त्यातला प्रत्येक कागद शिक्का मारलेला. अर्ज दिला की तो मिळाल्याची पोच घेतल्याशिवाय मावशी कुठल्याही ऑफिसची पायरी उतरत नाहीत.

"त्या सोसायटीवाल्यानं पोच घेतली व्हती का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"मावशी, ती मेल होती. कागद नव्हता."

"आसंना का. मला एक कारकून म्हनला व्हता, आजी, तुमचा अर्ज हितं आलाच न्हाई. म्या पोच काडून त्याच्या म्होरं ठिवली. लई त्वांड बारीक झालं त्याचं. तुज्या त्या मेलीला पोच नसती व्हय?"

असते की! मेल पाठवताना एका चौकोनात खूण केली की वाचणाऱ्याला विचारलं जातं, वाचल्याची पोच पाठवायची का. मी इतक्या वर्षांत कधी ती खूण केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी 'मला सेवेत कायम करण्याबाबत' असा रीतसर अर्ज माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून त्या ठरलेल्या पत्त्यावर पाठवला आणि पोचेची खूण केली. कॉम्प्युटरवर त्याला हातही लावला नाही. काचेच्या केबिनमध्ये सर फोन बघत बसले होते. त्यांचा अंगठा वर-खाली होताना मला दिसत होता. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. अर्ज वाचल्याची पोच आली होती.

सरांनी ती का द्यावी, याचं मला आधी नवल वाटलं. मग आठवलं. आमच्याकडे येण्यापूर्वी सर वीस वर्षं एका पतसंस्थेत आवक-जावकच्या टेबलावर होते. कुणी पोच मागितली की शिक्का मारून कागद परत द्यायचा, ही सवय त्यांच्या हाताला इतकी बसली होती की फोननं विचारल्यावरही अंगठा आपसूक 'हो'वर गेला. पाच मिनिटांनी मी ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर बघितलं. माझा अर्ज पुन्हा ठळक झाला होता. मेल वाचायची आणि परत ठळक करून माझ्यावर ढकलायची, ही सरांची रीतच होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर ओढणी धरून हसले.

मग महाळुंग्याच्या सोसायटीच्या मॅनेजरना फोन केला. ते भडकलेलेच होते. "आता कशाला फोन करताय?"

"एकच विचारते साहेब. शुक्रवारच्या मेलला वाचल्याची पोच मागितली होती?"

"आम्ही प्रत्येक मेलला मागतो. नाहीतर आमची कमिटी आम्हाला खाईल." आणि त्यांनी ती मला पाठवून दिली. शुक्रवार, दुपारी दोन चाळीस. त्या वेळी मी पिरंगुटच्या दवाखान्यात मावशींचा हात धरून बसले होते.

मी लगेच मोठ्या साहेबांकडे गेले असते तरी चाललं असतं. गेले नाही. महिन्याच्या मीटिंगला अजून सहा दिवस होते, आणि ते सहा दिवस मी चवीनं घालवले. सरांना चहा विचारला. त्यांच्या विनोदांना हसले. कायम करण्याचा अर्ज मेलवर पाठवलाय, एवढंच मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मॅडमचा काही अर्ज आलाय म्हणे?"

"अजून उघडायला वेळ झाला नाही साहेब," सर म्हणाले. "ठळकच आहे बघा."

मी तीन कागद टेबलावर ठेवले. माझ्या अर्जाची पोच, सोसायटीच्या मेलची पोच आणि शुक्रवारी मी एक वाजता बाहेर पडल्याची अंगठ्याच्या मशीनची नोंद. साहेबांनी तिन्ही दोनदा वाचले. मग सरांकडे बघितलं.

"ते... आपोआप जात असेल," सर म्हणाले.

"आपोआप जात नाही सर. ते विचारतं. तुम्ही हो म्हणता."

त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी सगळा बघितला. नजर वळवली नाही. दया आली का, असं नंतर एका मैत्रिणीनं विचारलं. नाही आली.

मेमो मागे घेतला गेला आणि पुढच्या आठवड्यात कायम झाल्याचा कागद मिळाला. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर मी सही करून पोच दिली. सरांना साहेबांनी काढलं नाही, फक्त त्या मेलचा पासवर्ड काढून घेतला. आता तक्रारी मी छापून सरांच्या टेबलावर ठेवते आणि वहीत त्यांची तारीखवार सही घेते. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "काडला न्हाई ते ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "रोज तुज्या म्होरं सही करंल."

कागद मिळाला त्याच संध्याकाळी मी राइट क्लिक केलं, रिपेअर दाबलं आणि दोन्हीकडचं सारखं करून टाकलं.

त्यानंतर चार दिवसांनी सरांची मेल आली, माझ्या नावावर. लांबलचक होती. चूक झाली, घाबरलो होतो, घरी मुलीचं लग्न ठरलंय, मनात ठेवू नका. शब्दन् शब्द वाचला. खाली कॉम्प्युटर विचारत होता, वाचल्याची पोच पाठवायची का. मी 'नाही' दाबलं. मग मेलवर राइट क्लिक करून ती परत अनरीड केली.

सर अधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन घुटमळतात. "मॅडम, माझी एक मेल होती. बघितली का?"

"नाही सर, अजून वेळच झाला नाही," मी म्हणते, आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. "ठळकच आहे बघा."