आधी हेडलाइट लावा

माझ्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. गाडी जोडून झाल्यावर हातात उरलेले नटबोल्ट, स्क्रू, क्लिपा त्यात पडतात. कुठलं काय कुठल्या गाडीचं, ते आता मलाही सांगता येत नाही, पण फेकवत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. तीस-पस्तीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलं. गॅरेजपुढच्या बाकड्यावर बसणारे एकेक करून कमी झाले, किस्से तेवढे उरले. ऐकायला आता फारसं कुणी नसतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

हल्लीच्या गाड्या बटणावर सुरू होतात आणि बिघडल्या की लॅपटॉपवाल्याकडे जातात. माझ्याकडे येतात त्या किल्लीवाल्या, जुन्या. गाडी सुरू होत नाही असं कुणी म्हणालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं : "आधी हेडलाइट लावा." उजेड मंद पडला तर बॅटरी बघायची. लख्ख पडला तर दुखणं किल्लीच्या लॉकचं, नाहीतर वायरचं, नाहीतर इंजिन फिरवणाऱ्या सेल्फचं. माझी मुलगी अश्विनी शाळेतून आली की गाडीपुढे उभी राहून "लख्ख" किंवा "मंद" असं मोठ्यानं सांगायची. आता ती पुण्यात असते. हेडलाइट मीच लावतो आणि मीच पुढे जाऊन बघतो.

* * *

देवकाते अण्णा पहिल्यांदा आले ते नुसती किल्ली घेऊन. गॅरेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, रिटायर होऊन सोलापुरात येऊन राहिले. बायको वारली, मुलगा प्रशांत कॅनडात. त्यानं पुण्यात असताना हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोन दारांची, परदेशी बनावटीची, बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच मांडी घालायची. जाताना ती बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून गेला आणि सांगून गेला, दर रविवारी सुरू करत जा, उभ्या उभ्या खराब होईल. रविवारी सकाळी नऊला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि अण्णा त्याला इंजिनाचा आवाज ऐकवायचे.

तक्रार अशी होती, की सकाळी लॉकमध्ये किल्ली फिरतच नाही आणि दुपारी बाराला आपोआप फिरते. पौषातली थंडी होती. मी त्यांच्या शेडमध्ये गेलो, लॉकमध्ये तार घालून बाहेर काढली, वास घेतला आणि अण्णांकडे बघितलं.

"खोबरेल घातलंय का?"

"व्हय की. किल्ली जड जात हुती, म्हणून घातलं वाटीभर."

रात्रीच्या गारठ्यात लॉकमध्ये खोबरेल थिजायचं आणि ऊन चढलं की वितळायचं. अण्णांनी मात्र महिनाभर प्रशांतला सांगितलं होतं, "तुझी गाडी रिटायर माणसासारखी झालीया, उन्हं अंगावर आल्याबिगर उठत न्हाय." मी लॉक पेट्रोलनं धुतलं आणि पेन्सिलीचं शिसं किसून आत फुंकलं. किल्ली फिरली. अण्णा तिथून उठले ते थेट बाकड्यावर येऊन बसले आणि पुढं रोजच यायला लागले.

* * *

किल्ली झिजली होती. लॉकही झिजलं होतं, पण आधी दुसरी किल्ली करून बघू म्हणून अण्णांनी मौलाभाईला गाठलं. मौलाभाई चावीवाला चौकात छत्रीखाली बसतो. हात असा साफ, की एक दात इकडचा तिकडं व्हायचा नाही.

त्यानं किल्ली करून दिली. फिरली नाही. दुसरी करून दिली, तीही नाही. तिसऱ्या वेळी अण्णा रागावले, तेव्हा मौलाभाईनं चारही किल्ल्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. केसाचा फरक नव्हता. जुन्या किल्लीची झीजसुद्धा त्यानं जशीच्या तशी कापली होती!

"मास्टर, मेरे काम में खोट नै," तो मला म्हणाला. "पुरानी भी नै फिरती, नयी भी नै फिरती. और क्या होना?"

त्या चारही किल्ल्या अण्णांनी एका कडीत घातल्या. गाडी सुरू करायची म्हणजे चारही पाळीपाळीनं लावून बघायच्या. कुठली चालेल ते त्या दिवसावर असायचं.

* * *

अण्णांच्या पुतण्याचं लग्न टेंभुर्णीला झालं. वरातीला लाल गाडीच पाहिजे म्हणून त्यानं हट्ट धरला. नवरदेव स्टेअरिंगवर, नवरी शेजारी. फोटोवाल्याला पोज द्यायला नवरदेवानं किल्ली काढली, बोटात फिरवली आणि दुसऱ्या हातानं स्टेअरिंगवर रेलला. कट्ट करून स्टेअरिंग लॉक झालं. आता किल्ली आत जाई, पण फिरेना.

बँडवाल्यांनी तीन गाणी संपवून पहिलं परत धरलं. कुणी बॉनेट उघडलं, कुणी किल्लीवर चप्पल मारली, कुणी ढकलायला माणसं गोळा केली. अण्णा मांडवाच्या त्या टोकाला जेवायला बसलेले. शेवटी नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि हळूच सांगितलं, "डाव्या हातानं स्टेअरिंग जरा हलवत ऱ्हावा आनि मग किल्ली फिरवा. आमच्या पिकपचं बी असंच हाय."

गाडी सुरू झाली. पुतण्याचा संसार झकास चाललाय. त्यांच्या घरात गाडी मात्र तेव्हापासून सूनबाईच चालवते.

* * *

एका रविवारी गाडीनं अजिबातच दाद दिली नाही. नऊ वाजत आले. पोराला उगाच घोर नको म्हणून अण्णांनी एक शक्कल लढवली. गॅरेजात एक टेम्पो सुरू ठेवला होता, त्याच्या इंजिनाजवळ जाऊन त्यांनी फोन धरला.

प्रशांतनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अण्णा, ही डिझेलवर कधीपासून चालायला लागली?"

मग खरं सांगावं लागलं. आम्ही मागं शेडमध्ये गेलो आणि प्रशांतनं तिकडून आम्हाला कामाला लावलं. किल्ली फिरवा, टिकटिक येते का बघा, मीटर लावा, आकडा दाखवा. मी मीटर लावेपर्यंत मधल्या वेळात तो बापाशी बोलत होता. काय खाल्लं, गुडघा कसा आहे, रात्री झोप लागते का, उजनी धरणाकाठच्या घरच्या केळीत पाणी शिरलं होतं त्याचं काय झालं. पाऊण तास झाला. लॉकच्या मागच्या स्विचचा पॉइंट जळाला होता. तो घासून बसवला, गाडी सुरू झाली आणि प्रशांत म्हणाला, "चला, झालं. ठेवतो."

अण्णांनी फोन खिशात घातला आणि बॉनेटवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "मास्टर, एक बगा. गाडी चालू झाली की दोन मिन्टात ठिवतंय. बंद असली की पाऊण तास बोलतंय."

मी हसलो. हसायला नको होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं. भाकरी खाताना आठवलं, की अश्विनीचा फोनही असाच येतो. जेवलात का, गोळी घेतली का. दोन्ही प्रश्नांना मी "हो" म्हणतो आणि फोन संपतो.

* * *

आता माझी चूक सांगतो. अण्णा काय म्हणाले ते मी कानांनी ऐकलं होतं आणि तरीही गाडी दुरुस्त केली. मेकॅनिकच्या हाताला हीच खोड असते, समोर फॉल्ट दिसला की तो राहू द्यायचा नाही.

प्रशांतनं कॅनडातून नवीन लॉक पाठवलं, डबीत दोन कोऱ्या किल्ल्या. दोन दिवस मी त्या गाडीत उताणा पडून होतो. स्टेअरिंगखालचं सगळं उघडलं, लॉक बदललं, मागचा स्विच बदलला, अर्थिंगची वायर नवी टाकली, सेल्फ उतरवून साफ केला. किल्ली एका बोटानं फिरायला लागली. इतकं नीट काम मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

किल्ली हातात देताना मी फुशारकीनं म्हणालो, "अण्णा, आता धा वर्सं बघायला नको."

अण्णांनी किल्ली उलटीसुलटी केली.

"धा वर्सं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. प्रशांतनं वा वा केलं, माझे आभार मानले. कॉल दीड मिनिट चालला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी. तिसऱ्या रविवारी त्याचा फक्त मेसेज आला : चालू झाली ना? अण्णांनी "हो" लिहून पाठवलं. एका बोटानं अक्षरं शोधून दाबायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाच त्या दिवशीचा त्यांचा पोराशी संबंध.

बाकड्यावर यायचेही ते कमी झाले. मला फार वाईट वाटलं. चांगलं काम करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

* * *

चौथ्या रविवारी साडेआठलाच अण्णा दारात. "मास्टर, बंद पडली." चेहरा पडलेला असायला हवा होता, पण दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

मी शेडमध्ये गेलो. हेडलाइट लावले. लख्ख. नवीन किल्ली लोण्यासारखी फिरत होती, डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, पण सेल्फ गप्प. मी गाडीखाली सरकलो.

सेल्फला एक बारीक वायर येते. किल्ली फिरवली की तिच्यातून करंट जातो आणि सेल्फ उचलतो. ती वायर निघालेली होती. आपोआप निघालेली नव्हती. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा, रेल्वेच्या वर्कशॉपात शिकवतात तसा. फिटर माणूस. पोराशी बोलायला मिळावं म्हणून फॉल्ट करायला निघाला, पण वायरचं टोक उघडं ठेवायला हात धजला नाही. टेपचा शेवट दुमडून ठेवला होता, सोडवणाऱ्याला नखानं खरवडावं लागू नये म्हणून. सोडवणारा मीच असणार होतो.

नऊ वाजले. कॉल आला. प्रशांतचा आवाज मला गाडीखाली ऐकू येत होता. "मास्टर काका, काय सापडलं?"

मी डोकं बाहेर काढलं. अण्णा फोन धरून उभे होते आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

"प्रशांतराव, फॉल्ट लई अवघड हाय," मी म्हणालो. "टाइम लागंल."

"लागू दे काका. मला घाई नाही," तो म्हणाला. "अण्णा, तुम्ही तोवर खुर्ची घेऊन बसा बघू."

मी ती वायर होती तशीच वर खोचून ठेवली. कॉल पन्नास मिनिटं चालला. वरून अण्णांचा आवाज येत होता. गुडघा, केळी, शेजारच्यांची नवी गच्ची, आईच्या हातची शेंगांची चटणी. मी गाडीखाली उताणा पडून होतो. वेळ घालवायला पान्यानं अधूनमधून चेसिसवर टकटक करत होतो.

* * *

परवाची गोष्ट. गुरुवार होता, दुपारचे तीन. गॅरेजात एकही गाडी नाही, बाकडं रिकामं. मी पुण्याला फोन लावला. मी सहसा लावत नाही, ती कामात असते.

अश्विनीनं घाबरून विचारलं, काय झालं पप्पा, बरं आहे ना?

"बरं हाय. माझी स्कूटर सुरू होईना झालीया."

 ती म्हणाली, "तुमची? पप्पा, तुम्ही आख्ख्या सोलापूरच्या गाड्या सुरू करता."

"व्हय. पर हे काय सापडंना."

"थांबा. व्हिडिओ लावा."

मी सीटखालचं कव्हर काढलं आणि फोन आत धरला. चष्मा लावून ती वाकून बघत होती. लहानपणी बॉनेटमध्ये बघायची तशीच. बॅटरी दाखवा म्हणाली, दाखवली. फ्यूज दाखवा म्हणाली, दाखवला. मग म्हणाली, "जरा डावीकडे घ्या. अजून. थांबा, ती बारीक वायर सुटलेली दिसतेय."

मी फोन तिथंच धरून ठेवला.

"पप्पा, तिच्या टोकाला टेप कुणी गुंडाळलीय?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.  मग तिकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला आणि ती परत स्क्रीनवर येऊन नीट बसली.

"बरं," ती म्हणाली. "पहिल्यापासून बघू, सावकाश. आधी हेडलाइट लावा."