खंडेनवमीचा नारळ

करिष्मा पहिल्यांदा फोर्कलिफ्टवर चढली, तेव्हा चाकणच्या बाजारातला सगळा कांदा कुणीतरी आपल्या नाकाखाली चिरलाय, असं दौलतरावांना वाटलं. डोळ्यांना धार, नाक लालबुंद. धुळीची ॲलर्जी आहे, असं ते गोदामभर सांगत सुटले. एकवीस वर्षं त्याच धुळीत काढल्यावर.

पोरगी परभणीची, वय तेवीस, आणि मालाचं पॅलेट उचलून गाडी अशी वळवायची की जणू गाडीला हाडंच नाहीत.

दौलतराव या गोदामातले सगळ्यात जुने फोर्कलिफ्टवाले. पगार बेताचा, पण दर खंडेनवमीला गाड्यांच्या पूजेचा नारळ त्यांच्याच हातचा. त्या दिवसासाठी त्यांच्या बायको रुक्मिणीबाई टोपीला खास इस्त्री करून द्यायच्या. यंदा मात्र भिंतीवर स्क्रीन आली. कोण किती पॅलेट हलवतो, किती वेळ रिकामा बसतो, हे मोजून ती माणसांना नंबर लावायची. मॅनेजरसाहेब म्हणाले, "नारळ पहिल्या नंबरवाला फोडेल. वशिला नको."

पहिली करिष्मा. दौलतराव अकरावे.

दौलतरावांनी महिनाभर चहा सोडला, रामराम सोडला, लघवीसुद्धा जेवणाच्या सुट्टीपर्यंत थोपवली. एकदा करिष्माची गाडी रॅकमध्ये अडकली, तर ते मान फिरवून शेजारच्या गल्लीतून निघून गेले. त्या दिवशी स्क्रीनने त्यांना दोन पायऱ्या वर चढवलं.

खंडेनवमीच्या सकाळी स्क्रीनवर ते पहिले होते. रुबाबात गाडीवरून उतरले, बूट काढले, टोपी घातली, उदबत्ती लावली. ही चार मिनिटं स्क्रीनने 'रिकामा' म्हणून धरली आणि त्यांना तिसरं केलं. वर पुन्हा करिष्मा.

ती गाडी थांबवून खाली आली. "काका, तुम्हीच फोडा की. मला कुठं येतंय?"

नारळ दौलतरावांच्या हातातच होता. फोडावा असं फार वाटत होतं. पण हिनं दिलेला मान घ्यायचा?

"आमाला नको. तितं तुजं नाव हाय."

"अहो, मी उतरले ना. बघा, माझंपण गेलं."

खरंच गेलं होतं. आता पहिल्या नंबरवर रंगराव होता. साहेबांनी त्याला हाक मारली.

"मी न्हाई उतरत," रंगराव गाडीवरूनच म्हणाला. "आत्ता कुठं वर आलोय."

साहेबांची मीटिंग होती, ते गेले. करिष्माही गाडीवर चढली, आणि तिच्या मागोमाग, टोपी न काढता, दौलतराव.

नारळ दुपारी कॅन्टीनच्या चटणीत गेला.