दोघांचं चारावर ठरलं होतं

आमच्या पनवेलच्या आळीत कुणाचीही ओटी भरायची असली की पहिलं बोलावणं मावशीला जायचं. सहा मुलं, सहाही हयात, वर नवरा धडधाकट. अशी लेकुरवाळी सवाष्ण शोधूनही मिळाली नसती. तिच्या हातून ओटी भरली की कूस फळते, असा बायकांचा ठाम विश्वास होता. म्हणून ती सगळ्या आळीची ओटीमावशी. ती यायची ती एक मूल कडेवर आणि एक पदराला धरून. ओटी भरून झाली की भिंतीला टेकायची, "जरा पाठ टेकू दे गो," म्हणायची आणि बोलता बोलता झोपून जायची. बायका हसायच्या. मी नवी नवरी, मला तर तिचा हेवाच वाटायचा.

एखाद्या मुलाला हाक मारायची तर तिच्या तोंडी आधी बाकीच्या पाचांची नावं यायची. मग वैतागून ओरडायची, "अरे, जो कोन आसशील तो ये!" आणि सगळीच धावत यायची.

मावशी मूळची गव्हाणची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. नवरा बैलगाड्यांची चाकं करणाऱ्या कारखान्यात कामाला. काका फार अबोल, पण बायकोवर जीव. एकदा आम्ही तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा मावशी सहज म्हणाली, "आमचं दोघांचं चारावर ठरलं व्हतं. पन आमच्या घरात दोघांचं ठरतं कुठं?"

ठरवायची सासू. म्हातारीला आठ मुलं झाली होती, त्यातली सात लहानपणीच गेली. उरले ते एकटे काका. गेलेली सात सुनेच्या पोटी परत येणार, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. नातवंड झालं की ती गेलेल्यांपैकी एकाचं नाव त्याला ठेवायची आणि त्या नावानं त्याला कुरवाळत बसायची. सहा नावं संपली होती. "एक यायचा राह्यलाय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिच्यावर रागवावं तरी कसं? पण मावशीचे पाय सुजलेले दिसले की मला राग यायचाच.

त्या सुमारास सरकारी दवाखान्यात पुरुषांची नसबंदीची ऑपरेशनं सुरू झाली. मावशीनं विषय काढला, काकांनी तिला शब्द दिला आणि एका सकाळी धुतलेला सदरा घालून ते निघाले. म्हातारी उंबऱ्यावर आडवी झाली. "माझा धाकला यायचा हाय. जायचं तर माझ्या अंगावरून जा." काका मागे फिरले. मग सदरा खुंटीला लावून कारखान्यात गेले. मी तणतणले, तर मावशी उलट मलाच म्हणाली, "त्यांना नको बोलू. आईला वलांडून कोन जाईल?" भांडायला तिला कुणी शत्रूसुद्धा मिळत नव्हता. सगळी आपलीच माणसं.

माझ्या पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात, ओटी भरायला अर्थातच मावशी आली. खण, नारळ, तांदूळ घालून झाले. मी वाकले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अष्टपुत्रा म्हण गं." मावशीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला पायजेत तेवढीच होऊ देत."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "हा कसला आशीर्वाद?"

"माझ्याकडं दुसरा नाय," मावशी म्हणाली.

त्यानंतर तिची बोलावणी बंद झाली. "बरं झालं, दुपारची पडते तरी," एवढंच ती म्हणाली. पुढे आम्ही नवराबायको दोनवर थांबलो. सासूबाईंनी किती दिवस अबोला धरला! पण मला मावशीचा हात आठवायचा आणि मी ठाम राहायचे.

सातव्या खेपेला मात्र मावशीच्या अंगात काही उरलंच नव्हतं. बाळ वाचलं, ती गेली. "सवाष्ण गेली, भाग्याची गो," बायका म्हणत होत्या आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. तिनं मागितलं होतं ते भाग्य नव्हतंच. सुतक फिटल्यावर म्हातारीनं बाळाला राहिलेलं सातवं नाव ठेवलं. बाळाला मांडीवर घेऊन ती सुनेसाठी रडायची, तेही खोटं नव्हतं.

घरात सात पोरं, त्यांना बघायला बाई हवी. वर्षाच्या आत रोडपालीची एक मुलगी सांगून आली. तिचा बाप बोलणी करायला आला, तेव्हा चहा करायला मीच त्यांच्या घरात होते. गरीब माणूस, पोरीला उजवायच्या घाईत. काकांनी त्याला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "पोरीला तुमच्या मूल व्हायचं नाय. मी आपरेशन करून आलोय."

चहा न घेताच तो माणूस उठला. म्हातारी उठून उभी राहिली. "आता? आता कशापायी? कोनाला इचारून केलंस?"

काकांनी धाकट्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"तिला," ते म्हणाले.