केटी लागली

आमच्या घाटकोपरला कॉलेज निघालं तेव्हा ते कॉलेज वाटायचंच नाही. एका शाळेच्या इमारतीत सकाळी वर्ग भरायचे आणि दुपारी त्याच बाकांवर शाळेची पोरं. पण चालत जाण्यासारखं होतं ना! म्हणून तर माझ्या धाकट्या नणंदेला जायला मिळालं. चर्चगेटला जाते म्हणाली असती तर सासऱ्यांनी बारावीलाच बस म्हटलं असतं.

मी स्वतः चौथी झालेली. वाचायची गोडी लागली ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे ती घरी आली की मी चहा टाकायची आणि म्हणायची, "सांग, आज काय शिकवलं?" मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, हे मला तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. एवढं सोपं सांगायची की वाटायचं, ही मास्तरीण होणार. तिलाही तेच व्हायचं होतं. ते फक्त मला माहीत होतं.

पहिल्या वर्षाच्या निकालादिवशी ती धावत वर आली.

"वहिनी, वाचले! केटी लागली!"

तोंडभर हसत होती. वर्ष जाणार म्हणून आदल्या दिवशी जेवली नव्हती हो. मला कुठे ठाऊक केटी म्हणजे काय! पण ती हसली म्हणून मीही हसले.

सासरे कॉटवर बसले होते. त्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, एका कारखान्यावर वॉचमन होते. त्यांनी ऐकलं ते 'लागली'. आमच्याकडे लागायची ती नोकरी, आणि संप फसल्यापासून घरात कुणाला काही लागलं नव्हतं. ती मोरीत पाय धुवायला गेली तोवर सासरे चपला घालून खाली. पेढे घेऊनच आले आणि गॅलरीभर वाटत सुटले.

"आमच्या चेडवाक केटी लागली! घेवा, तोंड गोड करा!"

कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा नुकताच बँकेत चिकटला होता. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "काय काका! विषय उडाला तिचा. वाट लागली तर पेढे वाटतात काय कोण?"

सगळी गॅलरी हसली. बायकासुद्धा.

सासरे आत आले. पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवायचा, तो फळीवर टाकला.

"नापास झालंस?"

"नाही हो बाबा. अकाउंट्स राहिलाय फक्त. तो पेपर ऑक्टोबरला परत द्यायचा. पण पुढच्या वर्गात बसू देतात. केटी म्हणजे परवानगीच."

मी म्हटलं, "मामंजी, बसू देतायत ना तिला..."

"परवानगी कॉलेजान दिल्यान," ते म्हणाले. "मी नाय."

आमचे हे म्हणाले, दोन दिवसांत राग उतरेल. राग असता तर उतरलाही असता. पेढे वाटताना माणसाचं हसं झालं, ते कसं उतरणार? वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्यापुढे चहा घेऊन गेली. "बाबा, उद्यापासून कॉलेज." तर म्हणाले, "या गॅलरीसून जातलंस? सगळ्यांच्या म्होरसून?" जवळ आहे म्हणून त्यांनीच धाडली होती. आता जवळ होतं म्हणूनच सगळ्यांना दिसणार होतं.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी उठली, वेणी घातली, कॉटच्या कडेला बसून राहिली. मग उठून पीठ मळायला घेतलं. मी परात ओढली तर म्हणाली, "राहू दे वहिनी, मला काय काम आहे?"

ऑक्टोबर आला, गेला. तो पेपरही तिने दिला नाही.

दिवाळीनंतर मालाडहून माणसं बघायला आली. सासऱ्यांनी सांगून टाकलं, "मुलगी बारावी पास." ती पोह्यांच्या बशा घेऊन उभी. मुलाची आई हिशोबाला पक्की.

"मग बारावीनंतर काय केलंस गं इतके दिवस?"

तिने बापाकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

"घरीच होते," ती म्हणाली.

"बरं झालं," त्या बाई म्हणाल्या. "म्हणजे घरकामाची सवय असेल."